फोटोत आलंच नाही ते काढायचं कुठून? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात सहज एक ओळ टाकली होती की फोटो आणि कॉम्प्युटर या विषयावर काही विचारायचं असेल तर पाठवा, आणि रावेरपासून तळोद्यापर्यंत सगळा खान्देश जागा झाला. बऱ्याच जणांनी नाव छापू नका म्हटलंय म्हणून फक्त गाव आणि कामधंदा देतोय. पत्रं वेगवेगळी आहेत पण अर्ध्याहून जास्त लोकांना एकच हवंय, फोटो खराब आलाय तो कॉम्प्युटरवर चांगला करून द्या. कुठे जमतं, कुठे नाही, ते एकेक करून बघू.

प्रश्न : भाऊ, व्हाट्सअपवर फोटू धाडा का तो गढूळ काबरं व्हई जास? मन्हा मोबाईलमा तर एकदम भारी दिखस. (फोटोग्राफीची हौस असलेला कॉलेजवाला, अमळनेर)

उत्तर : अहिराणीत प्रश्न आला, दिवस चांगला गेला. उत्तर मराठीतच देतो, अंक पुण्या-नाशिकलाही जातो.

बघ, तुझ्या मोबाईलचा कॅमेरा १२ मेगापिक्सेलचा धरला तर एका फोटोत ४००० गुणिले ३००० म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके, प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे, प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला, म्हणजे एक बाइट. गुणाकार कर, ३६ एमबी झाले. आता गॅलरीत जाऊन बघ, फाईल ४-५ एमबीचीच असेल. म्हणजे तू पाठवायच्या आधीच मोबाईलने त्यातलं बरंच फेकून दिलंय आणि तुला पत्ताही लागला नाही. हे काम जेपीजी करतं, त्याचं स्टँडर्ड १९९२ चं. ते आधी उजेड आणि रंग वेगळे करतं, कारण आपला डोळा उजेडातला बारीक फरक लगेच पकडतो आणि रंगातला तेवढा नाही, मग रंगाचे ठिपके बहुतेक वेळा चौथाईवर आणतं. त्यानंतर फोटोचे ८ गुणिले ८ ठिपक्यांचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनावर डीसीटी नावाचं गणित चालवतं, त्यातून कळतं की या चौकोनात सपाट भाग किती आणि बारीक नक्षी किती, आणि बारीक नक्षीचे आकडे असे काही गोल करतं की बरेचसे शून्यच होऊन बसतात. हे डीसीटी मांडणाऱ्या १९७४ च्या पेपरातलं पहिलं नाव नासिर अहमद, माणूस मूळचा बेंगळुरूचा, आणि आपल्याकडे दहातल्या नऊ इंजिनिअरांना हे माहीत नसतं याची मला जरा चीडच येते.

व्हाट्सअप नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवताना आधी ठिपके कमी करतं आणि मग परत एकदा जोरात जेपीजी करतं. सपाट आकाशाला काही होत नाही, पण साडीची जर, बॅनरवरची अक्षरं, केसांच्या बटा, सगळं त्या चौकोनांमधे हरवतं. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठव, जसाच्या तसा जाईल. फक्त एक लक्षात ठेव, तसा पाठवला की फोटोच्या पोटातली बाकीची माहितीही जशीच्या तशी जाते, लोकेशन चालू असेल तर घराचा पत्तासुद्धा.

प्रश्न : दुकानासमोरून माझी मोटारसायकल चोरीला गेली. सीसीटीव्हीत चोर गाडी घेऊन जाताना दिसतो पण नंबरप्लेट अजिबात वाचता येत नाही, आणि ज्या दुसऱ्या गाडीवर त्याचा साथीदार होता तिचा नंबर मिळाला तर काम होईल. सिनेमात तर झूम करून सगळं साफ करतात. एआयने होईल का? (हार्डवेअर दुकानदार, धुळे)

उत्तर : दादा, गाडी गेल्याचं वाईट वाटलं, पण खोटा दिलासा देत नाही.

आधी हिशोब करू. टू-व्हीलरची मागची हाय सिक्युरिटी प्लेट २०० गुणिले १०० मिलीमीटरची असते. तुमचा कॅमेरा २ मेगापिक्सेलचा, म्हणजे आडवे १९२० ठिपके, आणि तो दुकान, ओटा, समोरचा रस्ता सगळं मिळून साधारण १२ मीटर रुंदी बघतोय असं धरा. एका मीटरला १६० ठिपके. २० सेंटीमीटरच्या प्लेटला आले ३२. त्यात एम, एच, एक, आठ आणि मधल्या मोकळ्या जागा, म्हणजे एका अक्षराला पाच-सहा ठिपके मिळाले तर नशीब. तुलनेला सांगतो, जगातला पहिला डिजिटल स्कॅन केलेला फोटो अमेरिकेत रसेल किर्श यांनी १९५७ मध्ये काढला, स्वतःच्या तान्ह्या मुलाचा, तो होता १७६ गुणिले १७६ ठिपक्यांचा. त्यात चेहरा ओळखू येतो. पण त्या सगळ्या ठिपक्यांत एकच चेहरा होता, तुमच्या ३२ ठिपक्यांत अख्खी ओळ आहे.

आणि हे झालं गाडी उभी असताना. रात्री उजेड कमी म्हणून कॅमेरा शटर जास्त वेळ उघडं ठेवतो, समजा सेकंदाचा २५ वा भाग. ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी तेवढ्यात ४४ सेंटीमीटर पुढे गेलेली असते, म्हणजे प्लेट स्वतःच्या रुंदीच्या दुप्पट सरकली. ती गाडी कॅमेऱ्यासमोरून आडवी गेली असेल तर सगळी अक्षरं एकमेकांवर फासली गेली. वर डीव्हीआरचं, म्हणजे सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्याचं, फाईल लहान करायचं कॉम्प्रेशन, ते तर वर सांगितलेल्या जेपीजीपेक्षाही कंजूष, मागच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच साठवायचा त्याचा प्रयत्न असतो. एवढं सगळं झाल्यावर दह्याचं परत दूध कसं करायचं?

तरी काही गोष्टी खरोखर होतात. गाडी कुठे दोन-तीन सेकंद थांबली असेल, स्पीडब्रेकरला किंवा वळणावर, तर त्या फ्रेम एकावर एक बरोबर बसवून त्यांची सरासरी काढायची. रात्रीच्या व्हिडिओत जी मुंग्या पळाल्यासारखी खरखर दिसते ती दर फ्रेमला वेगळी असते आणि प्लेट मात्र तीच असते, त्यामुळे १६ फ्रेमची सरासरी घेतली की खरखर चौथाईवर येते. फ्रेममधे गाडी अर्धा-पाव ठिपका इकडेतिकडे सरकली असेल तर उलट फायदाच, प्रत्येक फ्रेमने प्लेट थोडी वेगळ्या जागी मोजलेली असते आणि त्यातून जास्त बारकाईचं चित्र जुळवता येतं. हलल्यामुळे आलेली पुसट एकाच दिशेची आणि मोजता येण्यासारखी असेल तर तीही उलट गणिताने थोडी कमी होते, पण खरखर असेल तर हे गणित खरखरही मोठी करून ठेवतं.

आता एआय. ते अंदाज करतं म्हणून वाईट असं मी म्हणणार नाही, अंदाज तर तुमचा मोबाईलही रोज करतो. सेन्सरवरच्या एका ठिपक्यासमोर एकाच रंगाची काच असते, कोडॅकच्या ब्राइस बायर यांनी ही मांडणी केली, १९७६ चं पेटंट आहे, दर चार ठिपक्यांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा, आणि उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून भरतात. म्हणजे फोटोतले दोन तृतीयांश रंगाचे आकडे अंदाजाचेच. फरक असा की तो अंदाज त्याच फोटोतल्या शेजारच्या ठिपक्यावरून होतो, आणि फोटो मोठा करणारं एआय त्याने आधी पाहिलेल्या लाखो दुसऱ्या फोटोंवरून करतं. त्याला पुसट आठ दिला तर ते सुंदर, धारदार तीन काढून देईल आणि तो तीन बघून तुम्ही कोणाच्या तरी दारात जाल. तो माणूस निर्दोष असला तर?

आत्ता करायचं ते हे. डीव्हीआर आधी थांबवा, काही दिवसांत तो जुनं पुसून त्यावर लिहितो. मूळ फाईल कॉपी करून घ्या, मोबाईलने स्क्रीनचा व्हिडिओ काढून पोलिसांना देऊ नका. आजूबाजूच्या दुकानांचे कॅमेरे बघा, साथीदाराची गाडी कुठेतरी जवळून गेली असेल. आणि पुढच्यासाठी, रुंद दिसणारा कॅमेरा राहू द्या पण एक लांब लेन्सवाला कॅमेरा फक्त गेटवर लावा, त्याचं शटर ५०० वा भाग ठेवा आणि इन्फ्रारेड लाइट द्या. प्लेटचा कागद उजेड परत फेकणारा असतो, त्या लाइटमधे ती चांगली उजळते. गेटवर गाडी ताशी १० ने येत असेल तर एवढ्या वेळात ती साडेपाच मिलीमीटरच सरकते.

प्रश्न : आमच्या तूरडाळीच्या मिलमधे सॉर्टेक्स, म्हणजे कॅमेऱ्याने दाणे निवडणारं मशीन, बसवलंय. काळा दाणा काढायला सेन्सिटिव्हिटी वाढवली की रिजेक्टमधे चांगली डाळ पण जाते, कमी केली की पार्टी माल परत करते. मेकॅनिक म्हणतो कॅमेरा बदला. (डाळमिल मालक, जळगाव एमआयडीसी)

उत्तर : कॅमेरा बदलण्याचा खर्च जरा थांबवा शेठ.

सॉर्टेक्समधे दाणे पन्हाळीवरून घसरत खाली पडतात, पडता पडता दोन्ही बाजूंचे कॅमेरे त्यांची एकेक ओळ टिपतात, कॉम्प्युटर ठरवतो चांगला की वाईट, आणि काही मिलिसेकंदांनी दाणा नोझलसमोर आला की हवेचा फटका मारून बाजूला उडवतो. यात ठरवणं म्हणजे काय, तर एक सीमा. दाण्याच्या उजेडाचा आकडा सीमेच्या खाली तर वाईट, वर तर चांगला. तुमच्या मालाचा आलेख काढला तर चांगल्या डाळीचा एक मोठा डोंगर दिसेल आणि वाईट दाण्यांची छोटी टेकडी, पण त्यांच्या पायथ्याची जागा सामाईक आहे, थोडं टरफल चिकटलेली चांगली डाळ आणि फिकट डागाची खराब डाळ दोन्ही तिथेच बसतात. सीमा कुठेही ठेवा, एक ना एक चूक होणारच. तुम्ही बटण फिरवून दोन चुकांमधली वाटणी बदलताय, एकूण चूक कमी करत नाहीये.

सीमा आपोआप शोधायची पद्धत आहे, ओत्सु नावाच्या जपानी संशोधकाची, १९७९ ची, शिकवतात सगळीकडे. पण ती दोन डोंगर साधारण बरोबरीचे असतील तर चांगली चालते, शंभरात एखादाच दाणा खराब असेल तर ती मोठ्या डोंगरालाच मधोमध चिरते. म्हणून मिलवाल्याला डोळ्याने सेटिंग करावी लागते त्यात कमीपणा नाही.

एकूण चूक कमी करायची तर डोंगर आणि टेकडी एकमेकांपासून लांब न्यावे लागतात. आधी काच पुसा, चुनीची धूळ बसली की सगळीच डाळ काळपट दिसते. लाइट जुने झाले की उजेड उतरतो आणि तोही पन्हाळीच्या एका टोकाला जास्त उतरतो, मग एकाच मशीनवर डावीकडे वेगळा निकाल आणि उजवीकडे वेगळा. पांढऱ्या पट्टीवर कॅलिब्रेशन करा. नुसत्या उजेडावर निकाल न लावता रंगावर लावता येत असेल तर तो मोड वापरा. खडा डाळीच्याच रंगाचा असेल तर साध्या कॅमेऱ्याला तो दिसणारच नाही, त्याला इन्फ्रारेडवालं मॉडेल लागतं. आणि फीड कमी करून बघा, बरीचशी चांगली डाळ कॅमेऱ्याच्या चुकीने जात नसते, ती बिचारी काळ्या दाण्याला खेटून पडत असते म्हणून हवेच्या फटक्यात सोबत जाते. रिजेक्ट परत एकदा फिरवून घ्या, म्हणजे काम झालं.

प्रश्न : मिनी प्रोजेक्टसाठी फोटोवरचे पांढरे-काळे ठिपके काढायचेत. मीन फिल्टर लावला तर ठिपके पसरतात, सर म्हणतात मीडियन लाव. का ते नीट सांगत नाहीत. शिवाय ब्राइटनेस वाढवला तर उजळ भाग एकदम काळे होतात! (थर्ड इयर, भुसावळ)

उत्तर : सरांना दोष देऊ नको, साठ पोरांच्या वर्गात एवढंच होतं.

फिल्टर प्रत्येक ठिपक्याच्या जागी तो आणि त्याचे शेजारी मिळून एक नवा आकडा ठेवतो, मीन त्यांची सरासरी ठेवतो आणि मीडियन त्यांच्यातला मधला. ३ गुणिले ३ ची एक खिडकी घे, म्हणजे एक ठिपका आणि त्याचे आठ शेजारी, आकडे असे: ५२, ५४, ५५, ५३, २५५, ५६, ५४, ५१, ५५. मधला २५५ हा खोटा पांढरा ठिपका. सरासरी काढ, ६८५ भागिले ९, म्हणजे ७६. आजूबाजूला सगळे पन्नाशीत आणि हा शहाणा ७६, आणि खिडकी शेजारी सरकली की त्या २५५ ने तिथेही घाण केली, म्हणून ठिपका पसरतो. आता तेच आकडे ओळीने लाव आणि मधला उचल, ५४. खोटा आकडा २५५ असो की ० असो, तो रांगेच्या टोकाला जाऊन बसतो आणि त्याला कोणी विचारत नाही. पण मीडियन म्हणजे सगळ्यावर औषध नाही, एका ठिपक्याएवढी बारीक रेष असेल, कपड्यातला धागा किंवा नकाशातला बांध, तर खिडकीत तिचे तीनच ठिपके येतात आणि सहा बाकीचे, मीडियन तिला गिळून टाकतो. आणि रात्रीच्या फोटोतली बारीक सगळीकडची खरखर असेल तर तिथे जवळच्या ठिपक्यांना जास्त वजन देऊन सरासरी काढणारा गाऊसियनच बरा.

काळे होण्याचं कारण फिल्टरशी संबंधित नाही. तू नमपायच्या (पायथनमधली आकडेमोडीची लायब्ररी) आठ बिटच्या ॲरेमधे, म्हणजे आकड्यांच्या तक्त्यात, थेट बेरीज करतोयस. त्यात २५५ च्या पुढे जागा नाही, २५० मधे १० मिळवले की ४ येतात. ओपनसीव्ही या फोटोच्या लायब्ररीचं ॲड फंक्शन वापर, ते २५५ वर थांबतं. आणि पुढचा झटका आत्ताच सांगून ठेवतो, ओपनसीव्ही रंग निळा-हिरवा-लाल अशा उलट्या क्रमाने वाचतं, चित्र दाखवणाऱ्या मॅटप्लॉटलिबमधे तसंच दाखवलंस तर माणसं निळी दिसतील.

प्रोजेक्टला विषय हवा असेल तर नेटवरून उचललेल्या त्याच त्या फोटोंवर ठिपके शिंपडून परत काढण्यापेक्षा कपाशीच्या शेतातल्या पिवळ्या चिकट सापळ्याचा फोटो काढ आणि त्यावरच्या पांढऱ्या माश्या मोज. पिवळं बॅकग्राउंड एकसारखं असतं म्हणून वेगळं करणं सोपं, मग जोडलेले ठिपके गटागटाने मोजायचे, आणि दोन माश्या चिकटून बसल्या की एकच मोजली जाते तिथे खरी मजा सुरू होते, त्याला वॉटरशेड पद्धत वाच. हाताने मोजलेला आकडा शेजारी ठेव, नाहीतर बाहेरून आलेला एक्स्टर्नल परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारणार.

प्रश्न : केळीची मृगबाग आहे. सॅटेलाइटवरून पीक बघणारं ॲप घेतलं, ते रोज हिरवंगार दाखवतं. तिकडे माझ्या बागेत सीएमव्ही या विषाणू रोगाची झाडं निघाली तरी ॲप म्हणतं सगळं छान. पैसे वाया गेले का? (केळी उत्पादक, रावेर तालुका)

उत्तर : काका, ॲप खोटं बोलत नाहीये, त्याला ते दिसूच शकत नाही.

हिरवं-लाल जे दाखवतात तो बहुतेक एनडीव्हीआय असतो, म्हणजे पिकाचा हिरवेपणा मोजणारा आकडा. पान लाल उजेड खाऊन टाकतं, हरितद्रव्याला तो लागतो, आणि त्याच्या पलीकडचा आपल्या डोळ्याला न दिसणारा नजीकचा इन्फ्रारेड उजेड मात्र भरपूर परत फेकतं. जोमदार बागेतून इन्फ्रारेड ०.४५ परत आला आणि लाल ०.०५ तर दोघांची वजाबाकी ०.४०, बेरीज ०.५०, भागाकार ०.८. झाडाला ताण आला की लाल जास्त परत येतो आणि इन्फ्रारेड कमी, समजा ०.१० आणि ०.३०, मग निघतो ०.५. गणित चौथीतल्या पोराचं आहे पण भारी आहे, कारण भागाकारामुळे ऊन कमी-जास्त असल्याचा बराचसा परिणाम आपोआप निघून जातो.

आता अडचण. फुकट मिळणाऱ्या चित्रांत चांगलं म्हणजे युरोपचं सेंटिनेल-२, त्याचा एक ठिपका जमिनीवर १० गुणिले १० मीटरचा. तुमची लागण पाच बाय पाच फुटांची असेल तर एका ठिपक्यात चाळीसेक झाडं बसतात. त्यातलं एक झाड सीएमव्हीने पिवळं पडलं, आपल्याकडे ज्याला हरण्या म्हणतात ते, तर त्या ठिपक्याचा आकडा ०.८० चा ०.७९ होईल. एवढा फरक तर हवेतल्या धुळीनेही पडतो. एका एकरात असे चाळीस ठिपके, त्यातले कडेचे तर अर्धे तुमचे आणि अर्धे बांधाचे किंवा शेजाऱ्याचे. दुसरं म्हणजे केळीची पानं एकमेकांवर आली, बाग दाट झाली की एनडीव्हीआय वर जाऊन अडकतो, खाली काय चाललंय ते वरच्या हिरव्या छतामुळे कळत नाही. तिसरं, पावसाळ्यात सातपुड्यावर ढग बसले की सेंटिनेल दर पाच दिवसांनी डोक्यावरून गेला तरी त्याला ढगच दिसतात, आणि सीएमव्हीला मावा पसरवतो तो नेमका त्याच दिवसांत. तुमचं ॲप रोज हिरवं दाखवतं म्हणता, मधल्या दिवसांत ते जुनंच चित्र दाखवत असणार, तारीख बघा.

मग हे कशाला वापरायचं? मोठ्या तुकड्यात काही बिघडलं तर. ठिबकची एक सबलाइन चोक झाली, बागेच्या एका कोपऱ्यात पाणी साचतंय, जमीन चुनखडीची आहे, हे पट्ट्याने दिसतं आणि तुम्ही चालत गेलात तर आठवडाभर उशिरा कळेल. एप्रिल-मे-जूनमधे वादळाने बाग आडवी झाली तर आधीचं आणि नंतरचं चित्र एकातून एक वजा करून किती क्षेत्र पडलं त्याचा पुरावा मिळतो, त्यासाठी मात्र दोन्ही चित्रं एकाच जागेवर तंतोतंत बसवावी लागतात. ढगातून बघायचं तर रडार लागतं, सेंटिनेल-१ ते करतं आणि इस्रो-नासाचा निसार उपग्रह ३० जुलै २०२५ ला गेलाय तोही रडारचाच, पण रडारला पिवळं-हिरवं कळत नाही, त्याला पानांची आणि खोडांची रचना, ओलावा असलं कळतं.

सीएमव्हीसाठी माणूसच पाहिजे, दर आठवड्याला ओळीओळीने फिरणारा, आणि रोगट झाड दिसलं की कंदासकट काढून नष्ट करायचं. ड्रोन खालून उडवला तर एका झाडावर शेकडो ठिपके मिळतात, तिथे पिवळी पट्टी ओळखणं जमू शकतं, एकट्याला परवडत नाही पण दहा-बारा जण मिळून भाड्याने घेऊ शकता. पानाचा फोटो काढला की रोग सांगणारी ॲप्स आहेत, त्यांचं एक बघा की ती कुठल्या फोटोंवर शिकलीत. स्वच्छ पांढऱ्या कागदावर ठेवलेल्या पानावर शिकलेलं ॲप आपल्या बागेतल्या कडक उन्हात, धूळ बसलेल्या पानावर काहीही सांगतं.

प्रश्न : आमच्याकडे आजारी माणसाचा एक्स-रे मोबाईलने फोटो काढून नाशिकच्या डॉक्टरांना पाठवतो. ते म्हणतात नीट कळत नाही, माणूस घेऊन या. फोटो तर क्लिअर असतो. (आशाताई, अक्कलकुवा तालुका)

उत्तर : ताई, तुमचा फोटो तुमच्या डोळ्यांना क्लिअर आहे, डॉक्टरांचं म्हणणंही बरोबर आहे. डिजिटल एक्स-रेच्या मूळ फाईलमधे काळ्या-पांढऱ्याच्या साधारण ४०९६ पायऱ्या असतात, मोबाईलच्या फोटोत २५६. शिवाय फिल्मवर ट्यूबलाइटची चकाकी, आणि स्क्रीनचा फोटो काढला तर लाटांसारख्या रेषा, त्या स्क्रीनचे ठिपके आणि कॅमेऱ्याचे ठिपके एकमेकांत अडकून तयार होतात, फुप्फुसात नसतात.

डॉक्टर मूळ फाईल उघडतात तेव्हा सगळ्या पायऱ्या एकदम बघतच नाहीत, हव्या तेवढ्या पट्ट्याला पूर्ण काळ्यापासून पूर्ण पांढऱ्यापर्यंत ताणतात. सीटी स्कॅनमधे तर हे फार ठळक दिसतं, तिथे हवा उणे १०००, पाणी ०, हाड शेकड्यांत किंवा हजारावर अशी मोजपट्टी आहे, हौन्सफील्ड यांच्या नावाची, ज्यांना कॉर्मॅक यांच्यासोबत १९७९ चं नोबेल मिळालं. मेंदू बघायला शून्य ते ८० एवढाच चिमुकला पट्टा उघडतात, फुप्फुस बघायला एकदम दीड हजाराचा. तुम्ही काढलेल्या फोटोत कोणीतरी एकच पट्टा निवडून गोठवलेला असतो, डॉक्टर त्याला परत ताणायला गेले की नुसते पट्टे पट्टे दिसतात.

सेंटरवर सीडी किंवा लिंक मागा, त्यात डायकॉम फाईल असते, म्हणजे सगळ्या पायऱ्यांसकटची मूळ फाईल, ती पाठवा. फिल्मच असेल तर खोलीतले लाइट बंद, मागे एकसारखा पांढरा उजेड, मोबाईल समोर सरळ, फ्लॅश नाही, आणि फोटो डॉक्युमेंट म्हणून. तरी माणूस घेऊन या म्हटलं तर न्या, मोलगीच्या पुढचा रस्ता कसा आहे ते माहीत असून सांगतोय.

प्रश्न : घरात पणजोबांचे मोडीतले कागद आहेत. वाळवी लागायच्या आत स्कॅन करायचेत. एका दुकानदाराने झेरॉक्ससारखे पांढरेशुभ्र करून देतो म्हटलंय. (निवृत्त शिक्षक, धुळे)

उत्तर : गुरुजी, त्याला अजिबात देऊ नका! पांढरंशुभ्र करणं म्हणजे प्रत्येक ठिपक्याला विचारणं की तू काळा की पांढरा, आणि मधलं सगळं पुसणं. मोडीत हात न उचलता लिहिलेलं असतं, शाई संपत आल्यावरची फिकट ओढ, घडीवरची अर्धवट रेघ, हे सगळं त्या एका सीमेच्या पलीकडे गेलं की गेलं, आणि वाचणाऱ्याला नेमकी तीच ओढ हवी असते. एकदा रंगीत, ४०० ते ६०० डीपीआयला (म्हणजे एका इंचात तेवढे ठिपके) स्कॅन करून टिफ या फाईल-प्रकारात ठेवा, ती मूळ प्रत, तिला हात लावायचा नाही. वाचायला सोपी प्रत त्यातून कधीही काढता येते.

ती काढताना एक युक्ती आहे. स्कॅनचा नुसता लाल चॅनेल उघडून बघा. जुन्या कागदाचे तपकिरी डाग लाल उजेडात फिकट पडतात आणि काजळीची काळी शाई काळीच राहते, अर्धं काम तिथेच होतं. मग अख्ख्या पानाला एक सीमा न लावता छोट्या छोट्या भागाला त्याच्या आजूबाजूच्या उजेडाप्रमाणे वेगळी सीमा लावायची, त्याला ॲडॅप्टिव्ह थ्रेशोल्ड म्हणतात, इमेजजे नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमधे मिळतं. कागद ठिसूळ असेल तर फीडरवाल्या स्कॅनरमधे घालू नका, वरून कॅमेऱ्याने फोटो काढा, दोन्ही बाजूंनी तिरका उजेड. तुम्ही धुळ्यातच आहात, राजवाडे मंडळात एकदा जाऊन या, वि. का. राजवाडे १९२६ मध्ये धुळ्यातच वारले, त्यांची दप्तरं सांभाळणारी संस्था ती, तिथल्या लोकांना असे कागद हाताळायची सवय आहे.

प्रश्न : भरतीच्या फॉर्मवर फोटो २० ते ५० केबीचा मागतात. माझा ३ एमबीचा आहे, कमी केला की तोंड ओळखू येत नाही म्हणून रिजेक्ट. (स्पर्धा परीक्षावाला, शिरपूर)

उत्तर : तू क्वालिटी खाली खेचतोयस आणि ठिपके तेवढेच ठेवतोयस. उलट कर. आधी चेहरा आणि खांदे एवढंच क्रॉप कर, मग फॉर्मवर जे माप दिलंय, बहुतेक ठिकाणी २०० गुणिले २३० ठिपके, त्या मापाला रिसाइझ कर, आणि मग जेपीजी क्वालिटी ८५-९० ला सेव्ह कर. एवढ्या ठिपक्यांना ५० केबी भरपूर झाले. फाईल २० च्या खाली गेली तर क्वालिटी थोडी वाढव. मागची भिंत साधी फिकट ठेव, फुलाफुलांच्या पडद्यासमोर काढलास तर अर्धे केबी पडद्यालाच जातात.